जेवणाच्या टेबलावरचं गुपित: कौटुंबिक भेटींचे सिनेमे ताण कुठून आणतात

एका घरात बऱ्याच दिवसांनी माणसं जमतात. कुणाचा वाढदिवस असतो, कुणाचं लग्न, कुणाचा स्मृतिदिन. दारात मिठ्या, हातातल्या बॅगा, प्रवास कसा झाला याच्या चौकश्या. वरवर काहीच बिघडलेलं नसतं, तरी पाच मिनिटांत प्रेक्षक सावरून बसतो. या घरात काहीतरी दडलंय हे त्याला कळतं, आणि तसं त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

जगभरच्या सिनेमांत हा एक स्वतंत्र प्रकार म्हणावा इतका रुजला आहे. यात पाठलाग नसतो, खून बहुधा नसतो, कॅमेरा घराबाहेर फारसा जात नाही. तरी यातले चांगले सिनेमे एखाद्या थरारपटापेक्षा जास्त दमवतात. ते हे कसं साधतात ते इथे उलगडून पाहू. उदाहरणं देताना कथानकं शेवटपर्यंत सांगावी लागतील, हे आधीच सांगून ठेवतो.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट आधी. अशा सिनेमातलं गुपित बऱ्याचदा पूर्ण गुपित नसतंच. घरातल्या काहींना ते पक्कं ठाऊक असतं, काहींना अंदाज असतो, आणि सगळ्यांनी मिळून, एक शब्दही न बोलता, ठरवून टाकलेलं असतं की हा विषय काढायचा नाही. घर या ठरावावर चालतं. त्यामुळे ‘काय लपलंय’ या प्रश्नापेक्षा ‘हे सगळे आणखी किती वेळ गप्प राहू शकतील’ हा प्रश्न आपल्याला जास्त छळतो. रोजच्या व्यवहारात हा ठराव सहसा मोडत नाही. तो मोडायला बाहेरून कुणीतरी यावं लागतं.

भेटच का लागते?

रोज एकत्र राहणारी माणसं एकमेकांना टाळायला शिकलेली असतात. कुठल्या विषयावर उठून आत जायचं, कुणासमोर कुणाचं नाव घ्यायचं नाही, हे अंगवळणी पडलेलं असतं. येणाऱ्याला यातलं काही माहीत नसतं, किंवा मधल्या वर्षांत तो ते विसरलेला असतो. तो सहज म्हणून नेमका नको तो प्रश्न विचारतो. शिवाय भेटीला मुदत असते. उद्या सकाळची गाडी आहे, म्हणजे बोलायचं ते आज रात्रीच. आणि मधेच उठून निघून जाणं शिष्टाचारात बसत नाही, त्यामुळे दाराला कुलूप नसूनही सगळे कोंडलेले असतात. पटकथा लिहिणाऱ्याला एरवी ज्यासाठी झगडावं लागतं, ते बंद घर आणि ते चालतं घड्याळ भेटीमुळे आयतं मिळतं.

ही युक्ती सिनेमाने रंगभूमीकडून घेतली. हेन्रिक इब्सेनचं ‘घोस्ट्स’ 1881 सालचं. पॅरिसमध्ये चित्रकार झालेला मुलगा घरी परततो. आईने त्याच्या वडिलांच्या प्रतिष्ठेसाठी आयुष्यभर एक खोटं सांभाळलेलं असतं. मुलगा घरातल्या मोलकरणीकडे ओढला जातो, आणि ती त्याची सावत्र बहीण आहे हे फक्त मोठ्यांना माहीत असतं. नाटक एका घरात, एका दुपारपासून दुसऱ्या पहाटेपर्यंत घडतं. महत्त्वाच्या घटना कितीतरी वर्षांपूर्वी घडून गेलेल्या आहेत. रंगमंचावर फक्त त्यांची वसुली चालते. आपल्याकडे महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’मध्येही वडिलांच्या मृत्यूनंतर मधला मुलगा बायकोसह मुंबईहून वाड्यावर येतो आणि वर्षानुवर्षं न मांडलेले हिशेब वर येऊ लागतात. मोठा भूतकाळ आणि छोटा वर्तमान ही मांडणी सिनेमाने जशीच्या तशी उचलली. तिच्यात त्याने भर घातली ती चेहऱ्याची. नाटकात मागच्या रांगेतल्या माणसाला न दिसणारी पापणीची हालचाल पडद्यावर प्रसंगाचा केंद्रबिंदू होऊ शकते.

कुणाला काय माहीत आहे?

आल्फ्रेड हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोबरोबरच्या प्रसिद्ध मुलाखतीत एक उदाहरण दिलं होतं. माणसं टेबलाभोवती गप्पा मारतायत आणि अचानक टेबलाखाली बॉम्ब फुटतो. प्रेक्षकाला काही सेकंदांचा धक्का बसतो, बस्स. आता तेच लोक, त्याच गप्पा, पण बॉम्ब ठेवलेला प्रेक्षकाने आधी पाहिला आहे. मग त्या निरर्थक गप्पांचं प्रत्येक वाक्य जिवावर येतं. पुस्तकरूपात ही मुलाखत 1966 साली आली, आणि कौटुंबिक सिनेमांना ती थरारपटांइतकीच लागू पडते. इथे फक्त बॉम्बच्या जागी एखादं वाक्य असतं.

म्हणून असा सिनेमा बघताना मनाशी एक हिशेब ठेवावा: या क्षणी कुणाला काय माहीत आहे? प्रेक्षकाला माहीत आहे पण पात्राला नाही, एका पात्राला आहे आणि दुसऱ्याला नाही, किंवा दोघांनाही आहे पण दुसऱ्यालाही आहे हे एकालाही माहीत नाही. या प्रत्येक वाटणीतून वेगळा ताण निघतो. शेवटचा प्रकार मला सगळ्यात हृदयद्रावक वाटतो.

हिचकॉकच्याच ‘शॅडो ऑफ अ डाउट’मध्ये (1943) ही वाटणी फार देखणी आहे. कॅलिफोर्नियातल्या सँटा रोझा या गावात बहिणीच्या घरी मामा येतो. भाचीचं नावही त्याच्यावरूनच ठेवलेलं, चार्ली. तिचा त्याच्यावर अतिशय जीव. हळूहळू तिला कळतं की हा श्रीमंत विधवांचे खून करून पळालेला माणूस आहे. आईला मात्र काही कळता कामा नये, कारण भाऊ म्हणजे तिचं सर्वस्व. आता एकाच टेबलावर तिघं आहेत: ज्याने केलं तो, जिला कळलं ती, आणि जिला कधीच कळू द्यायचं नाही ती. मामा विधवांबद्दल तुच्छतेने बोलू लागतो आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्याच्या एका बाजूकडे सरकत जातो. भाची न राहवून म्हणते, पण त्याही जिवंत माणसं आहेत ना! तेव्हा तो मान वळवून थेट कॅमेऱ्यात बघतो. इतका वेळ आपण त्या घरात बिनधास्त बसून होतो. त्या एका नजरेने त्याने आपल्यालाही टेबलावर ओढलेलं असतं. सिनेमा संपतो तेव्हा मामा मेलेला असतो, गाव त्याला सन्मानाने निरोप देत असतं, आणि सत्य फक्त भाचीला आणि तिच्या शेजारी उभ्या असलेल्या गुप्तहेराला ठाऊक असतं. खोटं उघडं पडत नाही. ते एका तरुण मुलीच्या अंगावर कायमचं येऊन पडतं.

याच्या अगदी उलट रचना लुलू वँगच्या ‘द फेअरवेल’मध्ये (2019) आहे. चीनमधल्या चांगचुन शहरात राहणाऱ्या आजीला फुप्फुसाचा कर्करोग झाला आहे. हे सगळ्या कुटुंबाला माहीत आहे, फक्त आजीला सोडून. तिला शेवटचं भेटता यावं म्हणून एका नातवाचं लग्न घाईघाईने ठरवतात आणि परदेशी विखुरलेले सगळे गोळा होतात. अमेरिकेत वाढलेल्या नातीला येऊ नको असं आधीच बजावलेलं असतं, कारण तिच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं. तरी ती येते. यापुढे सिनेमाला वेगळा ताण शोधावाच लागत नाही. लग्नाच्या मेजवानीत कुणी रडलं की आपण आजीकडे बघतो. यातला सगळ्यात खोल तपशील कथेत सहज येऊन जातो: आजीने स्वतः आपल्या नवऱ्याच्या आजारपणात हेच केलं होतं. म्हणजे हे खोटं त्या घराची रीत आहे, प्रेम करायची एक पद्धत आहे. ती बरोबर की चूक हे सिनेमा आपल्यावर सोडतो, आणि मला तो प्रामाणिकपणा फार आवडला.

टेबल आणि कॅमेरा

जेवणाचा प्रसंग दिसायला सोपा, चित्रित करायला अवघड. दोन माणसं समोरासमोर बोलत असतील तर नजरेची एकच रेषा असते. तिच्या एका बाजूला कॅमेरा राहिला की कोण कुणाकडे बघतंय हे नीट कळतं. आठ माणसं बसली की जोड्या होतात 28. कुणी कुणाकडे पाहिलं, कुणी नजर चुकवली, कुणी ऐकू न आल्यासारखं केलं, हे सगळं प्रेक्षकाला गोंधळ न होता दिसायला हवं. शिवाय प्रत्येक टेकला ताटातलं अन्न आणि ग्लासातलं पाणी आधीइतकंच असायला लागतं.

पण याच अडचणीतून दिग्दर्शकाला ताकद मिळते. कारण प्रत्येक कटला त्याला ठरवावं लागतं: बोलणाऱ्याला दाखवू की ऐकणाऱ्याला? गुपित बाहेर येत असताना कसलेला संकलक बहुधा ऐकणाऱ्यावर थांबतो. बातमी कानाने कळते. ती कुणावर कशी आदळली हे चेहऱ्यावरच दिसतं. इंगमार बर्गमनच्या ‘ऑटम सोनाटा’मध्ये (1978) पियानोवादक आई सात वर्षांनी मुलीकडे येते. मुलगी शोपँची एक छोटी रचना वाजवून दाखवते. मग आई तीच रचना कशी वाजवायला हवी हे सांगत स्वतः वाजवते, आणि मुलगी तिच्याकडे बघत राहते. लिव्ह उलमनच्या त्या चेहऱ्यावर कौतुक आहे, अपमान आहे, आणि लहानपणापासून साठलेली भूक आहे. रात्री या दोघींचं जे कडाक्याचं भांडण होतं, ते तिथेच सुरू झालेलं असतं. संवाद नंतर येतात.

टॉमस विंटरबर्गचा ‘फेस्टेन’ (1998) हा या प्रकारातला मला सगळ्यात धाडसी वाटणारा सिनेमा. तो डोग्मा 95 या चळवळीतला पहिला. विंटरबर्ग आणि लार्स फॉन ट्रिअर यांनी 1995 साली स्वतःवर काही कडक नियम घालून घेतले होते: कॅमेरा हातात धरायचा, खऱ्या जागी चित्रण करायचं, वेगळी प्रकाशयोजना नाही, मागून जोडलेलं संगीत नाही. हे नियम या कथेला इतके चपखल बसले की ती दुसऱ्या कुठल्या पद्धतीने सांगता आली असती असं वाटतच नाही. वडिलांची साठी आहे. कुटुंबाच्याच हॉटेलात पाहुणे जमलेत. थोरला मुलगा उठतो, दोन रंगांचे कागद दाखवतो आणि वडिलांना एक निवडायला सांगतो. मग शांत, हसऱ्या आवाजात भाषण करतो: लहानपणी वडील त्याच्यावर आणि त्याच्या जुळ्या बहिणीवर लैंगिक अत्याचार करत असत. त्या बहिणीने अलीकडेच आत्महत्या केलेली आहे.

आणि मग काय होतं? जवळजवळ काहीच नाही. थोडी शांतता पसरते, मग चमचे पुन्हा वाजू लागतात. पुढचं भाषण, पुढचा पदार्थ. पार्श्वसंगीत नसल्यामुळे आपल्याला काय वाटायला हवं हे सांगणारंही कुणी नाही. काटेचमच्यांचा आवाज तेवढा राहतो, आणि तो असह्य होतो. पाहुण्यांना निघून जाता येऊ नये म्हणून स्वयंपाकघरातले नोकर गाड्यांच्या किल्ल्या लपवून ठेवतात. आई उठते आणि गोड शब्दांत सांगते की या मुलाची कल्पनाशक्ती लहानपणापासूनच जरा जास्त. मुलगा पुन्हा बोलतो, त्याला बाहेर काढलं जातं, जंगलात नेऊन झाडाला बांधलं जातं. सत्य एकदा सांगून भागत नाही; पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, आणि मेलेल्या बहिणीचं पत्र टेबलावर वाचलं जातं तेव्हा कुठे ते मानलं जातं. अन्याय उघड करणाऱ्या माणसाचं घरात काय होतं, हे इतकं अचूक दाखवणारे सिनेमे फार थोडे.

वस्तू बोलतात तेव्हा

दरवेळी कुणी उभं राहून भाषण करत नाही. हिरोकाझू कोरे-एडाच्या ‘स्टिल वॉकिंग’मध्ये (2008) कुणी आवाजसुद्धा चढवत नाही. थोरल्या मुलाच्या स्मृतिदिनाला मुलगा आणि मुलगी आपापल्या कुटुंबांसह म्हाताऱ्या आईवडिलांकडे येतात. थोरला एका मुलाला वाचवताना समुद्रात बुडाला होता. धाकट्याची नोकरी गेली आहे आणि ते तो लपवतोय. दिवसभर स्वयंपाक, खाणं, नातवंडांचा दंगा, फोटो. आई हसतमुख, बडबडी, सुगरण. किरिन किकी या अभिनेत्रीने तिला इतकं जिवंत केलंय की आपण तिच्या प्रेमात पडतो.

ज्याला वाचवलं होतं तो मुलगाही दरवर्षी स्मृतिदिनाला येतो. आता तो मोठा, लठ्ठ, आयुष्यात फारसं काही न जमलेला, घाम पुसत सारखी माफी मागणारा तरुण आहे. तो गेल्यावर धाकटा आईला म्हणतो, आता याला बोलावणं पुरे कर, किती अवघडतो बिचारा. आई हातातल्या विणकामावरची नजर न काढता सांगते की म्हणूनच बोलावते. त्याने विसरता कामा नये. वर्षातून एक दिवस तरी त्याला त्रास व्हायलाच हवा. आवाज तसाच मऊ. इतका वेळ ज्या बाईच्या हातचं आपण कौतुकाने बघत होतो, तिच्या आत काय साठलंय ते एका वाक्यात दिसतं. आणि तरी तिच्यावरचं आपलं प्रेम कमी होत नाही. तिची जखमच तेवढी मोठी आहे.

मग ती रेकॉर्ड. रात्री आई एक जुनं लोकप्रिय गाणं लावायला सांगते. सगळे ऐकतात, वडील मुकाट्याने जेवत राहतात. नंतर ते अंघोळीला बसले असताना विचारतात, ही रेकॉर्ड कधी घेतलीस? तेव्हा ती सांगते: पूर्वी एका बाईच्या घराबाहेर, आतून तुमचा हे गाणं म्हणणारा आवाज ऐकला होता, लहान मुलाला पाठीशी बांधून आले होते, तशीच परत गेले. एवढंच. खुलासा नाही, माफी नाही, भांडण नाही. नवऱ्याला वाटत होतं की गुपित आपण ठेवलं. खरं गुपित ती सांभाळत होती, कळलं असल्याचं. एका रेकॉर्डने इतक्या वर्षांचा संसार वेगळा दिसायला लागतो. पटकथा लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग पुन्हा पुन्हा पाहावा असं मला मनापासून वाटतं.

नटांपासूनही लपवलेलं

माइक ली हा ब्रिटिश दिग्दर्शक तयार पटकथा नटांच्या हातात देत नाही. महिनोन्‌महिने तालमींतून पात्रं उभी करतो, आणि प्रत्येक नटाला फक्त त्याच्या पात्राला जेवढं माहीत असेल तेवढंच सांगतो. ‘सीक्रेट्स अँड लाइज’ (1996) याच पद्धतीने घडला. दत्तक गेलेली एक कृष्णवर्णीय तरुणी आपल्या जन्मदात्या आईचा शोध घेते. आई गोरी निघते, आणि तिने ही मुलगी घरच्या तरुण मुलीपासून लपवलेली आहे. दोघी पहिल्यांदा भेटून एका कॅफेत बसतात तो प्रसंग कित्येक मिनिटं एकही कट न घेता चालतो. दोघी शेजारी-शेजारी, तोंडं कॅमेऱ्याकडे. पुढे धाकटीच्या एकविसाव्या वाढदिवसाला आई थोरलीला कारखान्यातली सहकारी म्हणून घरच्यांत आणते, आणि बोलता बोलता तिच्या तोंडून खरं निसटतं. त्यापाठोपाठ दुसऱ्यांची गुपितंही निघू लागतात, कारण एकाने ठराव मोडला की बाकीच्यांना तो पाळायचं कारण उरत नाही. कान महोत्सवात या सिनेमाला पाम द’ओर हा तिथला सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

फुटल्यानंतर

गुपित फुटतं तो क्षण जाहिरातीत वापरला जातो, पण सिनेमाची उंची त्यानंतरच्या दहा मिनिटांत ठरते. कोण कुणाच्या बाजूला उभं राहतं? मीरा नायरच्या ‘मान्सून वेडिंग’मध्ये (2001) दिल्लीतल्या लग्नघरात पुतणी रिया सांगते की घरच्यांनी ज्याला देवासारखं मानलं, त्या तेज काकांनी लहानपणी तिच्यावर अत्याचार केले, आणि आता त्यांची नजर घरातल्या दुसऱ्या छोट्या मुलीवर आहे. या काकांचे कुटुंबावर फाळणीपासूनचे उपकार आहेत, रियाच्या शिक्षणाचा खर्च करायची तयारीही त्यांनी दाखवली आहे. म्हणजे तिच्यावर विश्वास ठेवण्याची किंमत घराला मोजावी लागणार. नसीरुद्दीन शाहने साकारलेला नवरीचा बाप ललित रात्रभर त्या ओझ्याखाली दबतो, आणि दुसऱ्या दिवशी, दिवंगत भावाच्या फोटोसमोर, तेजला निघून जायला सांगतो. लग्न मोडत नाही, गाणीही थांबत नाहीत. घर एका माणसाला बाहेर काढून पुढे जातं. ‘फेस्टेन’मध्येही शेवटच्या सकाळी धाकटा मुलगा वडिलांना सांगतो, आता उठा, आम्हाला नाश्ता करायचाय.

आणि काही गुपितं सांगितलीच जात नाहीत. झेवियर डोलानच्या ‘इट्स ओन्ली द एंड ऑफ द वर्ल्ड’मध्ये (2016) एक तरुण नाटककार बारा वर्षांनी घरी येतो, तो आपण लवकरच मरणार आहोत हे सांगायला. आई, बहीण, भाऊ, सगळ्यांचं त्याच्याशी इतकं काही राहिलेलं असतं की त्याला बोलायला जागाच सापडत नाही. तो न सांगताच निघतो. मोठ्या भावाच्या बायकोला, जिला तो आयुष्यात पहिल्यांदाच भेटतोय, काहीतरी कळलेलं असतं. रक्ताच्या माणसांना नाही.

असे सिनेमे फसतात कुठे तेही सांगायला हवं. शेवटी कुणीतरी दारू पिऊन सगळं ओकून टाकतं, पावसात मिठ्या होतात, व्हायोलिन वाजतं. त्याहून मोठी चूक म्हणजे फ्लॅशबॅक. कथा ऐन रंगात आली असताना जुनी घटना रंग फिका करून दाखवली, की प्रेक्षकाला पुरावा मिळतो आणि कुणावर विश्वास ठेवायचा ही त्याची जबाबदारी संपते. ‘फेस्टेन’ बालपण दाखवत नाही. ‘स्टिल वॉकिंग’ समुद्रात बुडणारा मुलगा दाखवत नाही, नवरा दुसऱ्या घरात गात होता तेही नाही. दोन्ही सिनेमांत भूतकाळ फक्त माणसांच्या बोलण्यातून येतो, म्हणून तो ऐकताना टेबलावरच्या बाकीच्यांसारखंच आपल्यालाही ठरवावं लागतं की मानायचं की जेवत राहायचं.